आबांचा शब्द मोडायचा कुणी?

काष्टीत श्रीमंतआबांची चौकशी करणाऱ्यांचा तुटवडा नाही. डेअरीवर दूध घालायला गेलं की तिथं, गिरणीत दळण ठेवायला गेलं की तिथं, एवढंच काय, कुणाच्या दहाव्याला गेलं तरी तिथंसुद्धा सत्यशीलाला एकच प्रश्न येतो, "आबा काय म्हनत्यात?" आबा काय काय म्हणतात ते ती खरंच सांगायला बसली तर विचारणाऱ्याचा सगळा दिवस जाईल. म्हणून ती "बरं हाय" म्हणते आणि किटली उचलून चालू लागते. तू कशी आहेस, हे मात्र कुणाच्या तोंडून निघत नाही. सून आहे, घरात आहे, दोन वेळा जेवते, तिला काय धाड भरलीय, असा गावाचा एकंदर समज आहे.

सत्यशीला पंचेचाळिशीची. माहेर शेवगावकडचं. अंगदची बायको होऊन या घरात आली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि पुढं वर्षभरात गेल्या. घरात तीन पुरुष आणि ही एकटी बाई. पण आबांनी तिला कधी परकं वाटू दिलं नाही, हे तिला आजही कबूल करावं लागतं आणि ती करतेही. भाकरी करपली म्हणून थोरला दीर गोरक्ष एकदा ताटावरून उठला, तर आबांनी त्याला पुन्हा बसवून तीच भाकरी खायला लावली होती. काही वर्षांपूर्वी बाजारातून येताना त्यांनी एक कालवड आणली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, आणि दावं सरळ सत्यशीलाच्या हातात दिलं. "ही तुजी. हिच्या दुदावर अंगदचा हक न्हाई, आन माजा बी न्हाई." तिचं नाव चांदी. चांदीच्या दुधावर सत्यशीलाचं पोरगं पुण्याला शिकायला गेलं.

असा माणूस आजारी पडला तर त्याचं करायला बाई मागं हटत नाही. पण आजारी आहे हे निदान मान्य तरी करा की! सत्यशीलाचं सगळं घोडं इथं अडलं होतं.

आता आबा कोण, ते सांगायला हवं. काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार लांबलांबच्या लोकांना ठाऊक आहे, आणि त्या बाजारात आबांनी आख्खी हयात दलाली केली. तिथं भाव चारचौघांत बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचं उपरणं हातावर टाकतो, त्याच्या आड समोरच्याचा हात धरतो आणि बोटं दाबून भाव सांगतो. वरून दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असतात, चेहऱ्यावर काही दिसत नाही, आत बोटांचं चाललेलं असतं. जमलं की हात घट्ट दाबायचा, इसार म्हणून एखादी नोट घ्यायची, की सौदा पक्का. कागद नाही, साक्षीदार नाही. श्रीमंतआबांनी हात दाबला म्हणजे जनावर गेलं, मग दुसऱ्या दिवशी कुणी दुप्पट देऊ केले तरी गेलं. त्या शब्दावर या घराला बाजारात पाणी मिळालं, चहा मिळाला, सोयरिकी मिळाल्या.

आणि याच दलालीनं आजार लपवला. दलालाला काही विचारलं तर तो उत्तर देत नाही, उलट विचारतो. "आबा, आज कोनता वार?" म्हटलं की आबा डोळे बारीक करून म्हणायचे, "तुला कोनता पायजे?" सगळे हसायचे. "आबा, मला वळीखलं का?" तर म्हणायचे, "तुला कोन वळखत न्हाई?" पाहुणा खूश. पाहुण्याचं नाव, गाव, बाप, काहीच त्यांच्या डोक्यात उरलेलं नाही, हे घरात एकट्या सत्यशीलाला कळायचं, कारण पाहुणा गेला की आबा तिला हळूच विचारायचे, "कोन हुतं गं?"

पाहुणा असेपर्यंत आबा ताठ. पाहुणा वळणावरून दिसेनासा झाला की घरात वेगळंच राज्य. पाकीट सापडत नाही, म्हणजे सुनेनं चोरलं. ते धान्याच्या कणगीत आबांनीच खुपसलेलं असतं. आंघोळ म्हटलं की शिव्या, आणि या माणसाच्या तोंडात पूर्वी शिवी कुणी ऐकली नव्हती. जनावरांना एकदा वैरण टाकली की पुन्हा टाकायची, पुन्हा टाकायची, गव्हाणीत ढीग आणि उद्याला काही नाही. लघवी कुठं करायची याचा भरवसा नाही. जेवून हात धुतला की रस्त्यावर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचं, "सकाळधरनं पोटात आन्नाचा कन न्हाई. सून देत न्हाई." यातलं सगळं सत्यशीलानं पचवलं, हे एक तिला पचलं नाही. कारण ऐकणाऱ्या बायका थांबायच्या, आबांकडं बघायच्या, मग हिच्या घराकडं बघायच्या, आणि पुढं जायच्या.

सल्ले मात्र भरपूर. कुणी बदाम भिजवून द्यायला सांगितलं, कुणी ब्राह्मी, कुणी कुठल्याशा बाबाचा अंगारा. एका डॉक्टरनं वयोमान म्हणून टॉनिक लिहून दिलं. गोरक्ष चाकणला कंपनीत. तो रविवारी मोबाईलवर चेहरा दाखवायचा. आबा त्याच्याशी इतकं झकास बोलायचे, की फोन ठेवताना गोरक्ष म्हणायचा, "आबा तर ठणठणीत आहेत. सत्यशीला, तूच जरा जास्त मनावर घेतेस." फोन बंद झाल्यावर आबा त्या काळ्या काचेकडं बघत विचारायचे, "हा कोन बोलत हुता?" पण तेव्हा गोरक्ष नसायचा.

आणि अंगद? अंगद वाईट माणूस नाही. दारू नाही, हात उगारणं नाही. त्याचं एकच, बाप या विषयावर तो दगड. "म्हातारपन हाय. हुतंय असं," एवढं बोलून तो उसाला पाणी द्यायला जायचा, आणि त्याचा ऊस तहानलेला नाही असा दिवस सत्यशीलानं पाहिला नव्हता.

त्या उन्हाळ्यात गावातली आशाताई एका मुलीला घेऊन आली. निवेदिता तिचं नाव. पुण्यातल्या एका संस्थेचा अभ्यास चालला होता. खेडेगावात अशा विस्मरणाच्या आजाराच्या माणसांना आणि त्यांचं करणाऱ्यांना घरच्या घरी आधार कसा द्यायचा, हे त्यांना पाहायचं होतं. अंगद खुर्ची टाकून समोरच बसला. आबा इस्त्रीचं धोतर नेसून ओट्यावर.

"आबा, आज कोणता वार आहे?" निवेदितानं विचारलं.

"बाजाराचा."

"आणि सध्या महिना कोणता चालू आहे?"

"तुमच्यात कंचा चाललाय?"

अंगद मोठ्यानं हसला. निवेदिता हसली नाही. तिनं तीन वस्तूंची नावं सांगितली, थोड्या वेळानं पुन्हा विचारली. आबा म्हणाले, "माल दावल्याबगार भाव सांगत नसत्यात, बाई." अंगदला पुन्हा हसू फुटलं. निवेदितानं आबांना घड्याळाचं चित्र काढायला कागद दिला. आबांनी पेन घेतलं, कागदाकडं बराच वेळ पाहिलं, आणि पेन खिशाला लावून म्हणाले, "चा टाका गं पाव्हन्यांना."

सत्यशीला चहा टाकायला उठली तशी निवेदिता मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, आबा प्रश्न फार सफाईनं टाळतात. बाहेरच्यांना कळतच नसेल ना?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सत्यशीलाला दिसतं तेच पाहिलं होतं. तिला रडू आलं नाही, राग आला. आधी कुठं होतीस बाई, असं तिला विचारावंसं वाटलं.

मग तिच्यासाठीही प्रश्न होते. आबांचं करताना राग येतो का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, कायम. समोर अंगद बसलेला. "कदी कदी," सत्यशीला म्हणाली. अंगदचा मोबाईल वाजला, तो बोलत बोलत बाहेर गेला. निवेदितानं तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"कायमच्या म्होरं काय न्हाई का?" सत्यशीला म्हणाली.

अभ्यासात नाव घातलं तर संस्थेनं शिकवून तयार केलेली एक बाई आठवड्यातून दोन दुपारी घरी येणार होती आणि आबांजवळ बसणार होती. शिवाय महिन्यातून एकदा श्रीगोंद्याला अशाच माणसांचं करणाऱ्यांची बैठक. दोन दुपारी! सत्यशीलानं तीन-तीनदा विचारून घेतलं. त्या वेळात मी घरी नसले तरी चालंल? चालेल. झोपले तर? झोपा. पैसं? काही नाही. फक्त जागा थोड्या आहेत, लवकर कळवा, आणि या कागदावर आबांच्या एका मुलाची सही हवी.

"मी करते की सही. सगळं मीच करते त्यांचं."

निवेदिता ओशाळली. "रक्ताच्या नात्यातल्या माणसाची लागते, ताई. मी वर भांडले याच्यावरून. नियम आहे म्हणतात."

सांभाळायला सून चालते आणि सहीला रक्त लागतं! हा नियम करणाऱ्याला आठवडाभर आबांच्या धोतराजवळ बसवायला हवं, असं सत्यशीलाला वाटलं, पण या पोरीला बोलून काय उपयोग होता.

अंगदनं कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "म्हंजे मी लिहून देऊ, का माझ्या बापाचं डोकं फिरलंय?"

"डोकं फिरलंय असं कुटं लिवलंय? आजार हाय म्हनून लिवलंय."

"लोकं काय वाचायची ते वाचत्यात. बाजारात कळलं तर? आबांचा शब्द म्हंजी काय हाय ते तुला न्हाई कळायचं." मग त्यानं गोरक्षला फोन लावला. गोरक्षनं तिकडून आणखी एक पाचर मारली. त्याच्या मुलीचं स्थळ जमत आलं होतं. घराण्यात असलं काही आहे असं कानावर गेलं तर लोक मागं सरतील. "लग्न होऊन जाऊ दे, मग बघू," तो म्हणाला. आबांना सांभाळायची पाळी त्याच्याकडं कधीच आली नव्हती, त्यामुळं त्याला बघायला भरपूर सवड होती.

निवेदिता पुढच्या आठवड्यात फोन करून विचारू लागली, "ताई, सहीचं काय झालं?" सत्यशीला म्हणायची, "बगते." त्याच्याही पुढच्या आठवड्यात तेच. दर वेळी ती अंगदपुढं कागद ठेवायची, दर वेळी अंगद उसाकडं जायचा. कागदाच्या घडीवर चहाचा डाग पडला.

शनिवारी मात्र अंगद घरात हजर. शनिवारी तो आबांना मोटारसायकलवर बसवून बाजारात न्यायचा, चहाच्या टपरीशेजारी, जुने दलाल बसत त्या जागी, कानिफनाथनानांजवळ बसवायचा, आणि तास-दोन तासांनी घेऊन यायचा. सगळ्यांनी बघावं, आबा अजून आपल्या जागी बसतात. या मिरवणुकीची तयारी अर्थात सत्यशीलाकडं. आदल्या दिवशी धोतराला नीळ, सकाळी आंघोळीची झटापट, दाढी, टोपी, उपरणं. आबा ओरडत, तिचा हात ओरबाडत, आणि दाराबाहेर पाय पडला की देवळातल्या मूर्तीसारखे शांत. अंगद संध्याकाळी खुशीत सांगायचा, "आज बी नानांनी आबांचा हात धरून सौदा केला. बोटं अजून तशीच चालत्यात." ते ऐकून सत्यशीलाला ताट आपटावंसं वाटायचं.

अशाच एका शनिवारनंतर रविवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. करमाळ्याकडचा एक व्यापारी उतरला, या बाजारात नवा. "श्रीमंतआबांचं घर ह्येच ना? काल सौदा झालाय. गाय न्यायला आलोय. कपाळावर पांढरा ठिपका, दुसऱ्या वेताची, घरी गोठ्यात हाय म्हनले. हात दाबून दिलाय आबांनी, इसार बी घेतलाय."

अंगदनं ओट्यावर बसलेल्या आबांच्या खिशात हात घातला. घडी घातलेली नोट निघाली. सत्यशीला गोठ्यातून शेणाच्या हातानं बाहेर आली होती. तिला वाटलं, आता हा त्या माणसाला नोट परत देईल, चार शब्द बोलेल, माफी मागेल, प्रकरण मिटेल. तिनं तर मनातल्या मनात चहाचं आधणसुद्धा ठेवलं.

अंगद मान खाली घालून गोठ्यात गेला आणि चांदीचं दावं सोडायला लागला.

"काय करताय?"

"सौदा झालाय."

"कुनी केला?"

"आबांनी."

"आबांना चूळ भरून थुकायची असती ह्ये आठवत न्हाई, आन त्यांनी सौदा केला?"

"हळू बोल! मानूस आयकंल." अंगदचा आवाज फाटला. "तुला दुसरी गाय आनून देतो. हिच्यापरीस चांगली आनतो. पर आबांचा सौदा मोडला, असं काष्टीच्या बाजारात आजपोत झालं न्हाई, आन माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

तेव्हा सत्यशीलाला सगळं लख्ख कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. आमचे आबा आजारी आहेत, त्यांचा हात धरू नका. एवढं एक वाक्य बोलण्यापेक्षा या माणसाला भरल्या गोठ्यातली गाय देणं सोपं वाटत होतं. आज गाय. उद्या शेताचा तुकडा कुणी हात दाबून मागितला तर तोही देईल. आणि बायको तर त्यानं केव्हाच देऊन टाकली होती, फक्त कुणी इसार दिला नव्हता.

"आबांचा शब्द मोडायचा न्हाई ना?" ती दाव्याला हात घालत म्हणाली. "मग ही गाय माजी, तुमचा हक न्हाई, ह्यो कुनाचा शब्द हाय? त्यो बी आबांचाच. डोकं जाग्यावर आसताना दिल्याला. त्यो मोडायची कुनी मुभा दिली तुमाला?"

अंगदनं दाव्यावरचा हात काढला नाही. मग सत्यशीलानं पदराला हात पुसले आणि ती अंगणात आली.

"पाव्हनं, आमच्या आबांना आजार हाय. त्यांना कायबी आठवत न्हाई, काय बोलतो ते कळत न्हाई. तुमचा इसार घ्या. गाय मिळायची न्हाई."

व्यापारी भडकला. गडीमाणूस घरात असताना बाईनं मध्ये बोलायचं काय कारण, भाव कमी वाटला म्हणून आता म्हातारा आजारी, असलं बरंच बोलला. "चला बाजारातल्या दलालांपुढं, तितं ठरवू," म्हणाला. शेजारच्या दारांतून चेहरे बाहेर आले. कुणीतरी कळवलं असणार, कारण कानिफनाथनाना आपल्या जुन्या लुनावरून धापा टाकत आले. नाना आबांच्या हाताखाली शिकलेले, आता बाजारात त्यांचंच चालतं. त्यांनी उतरल्या उतरल्या व्यापाऱ्याचा खांदा धरला.

"पाव्हनं, इसार घ्या माघारी. तुमी नवीन, तुमाला कुनी सांगितलं न्हाई, ही आमची चुकी. आबांचा सौदा बाजारात कुनी धरत न्हाई."

"धरत न्हाई म्हंजी?" हा प्रश्न अंगदनं विचारला. तो चांदीला दाव्यानं ओढत गोठ्याच्या दारात आला होता.

मग नाना एकदाचे बोलले. "दोन वर्सं झाली, अंगद. आबा उपरन्याखाली काय बी दाबत्यात. पहिल्यांदा आमी चपापलो. मंग सगळ्यांनी ठरवलं, म्हाताऱ्याचा मान ऱ्हायला पायजे. दर शनिवारी कोन ना कोन हात धरतं, सौदा झाला म्हनतं, इसार देतं, आन तू न्यायला यायच्या आदी मी ती नोट हळूच काढून ज्याची त्याला देतो. काल मी दौंडला लग्नाला गेल्तो, म्हनून घोटाळा झाला."

"आन मला का न्हाई सांगितलं?"

"तुला कसं सांगनार? तू त्यांना नवरदेवावानी सजवून आनायचास. आमाला वाटलं, तुला ठावं न्हाई. ठावं झालं तर जिवाला लागंल."

शेजारची एक बाई डोळ्यांना पदर लावत होती. बाजार किती मोठ्या मनाचा, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. सत्यशीलाचेही डोळे भरून यावेत अशी तिथं सगळ्यांची अपेक्षा असावी. सत्यशीलाच्या डोक्यात तिडीक गेली.

"म्हंजी सगळ्यांना ठावं हुतं!" ती ओरडली. "सगळ्या बाजाराला! आन मी येडी रोज डेअरीवर 'बरं हाय, बरं हाय' करत हिंडतीय! सून जेवाया देत न्हाई म्हनून आबा रस्त्यावर सांगायचे, तवा तुमी आयकून घेत हुता की न्हाई, नाना? एकानं तरी म्हनावं, पोरी, आमाला ठावं हाय त्यांचं कसं हाय ते. एकानं! बाजारानं बाजारातला मान सांभाळला. ह्यांनी घरातला मान सांभाळला. आन आबांचं धोतर कोन सांभाळतंय, ह्याची चवकशी केली का कुनी?"

नानांनी टोपी काढून हातात घेतली. मग बोलले ते आबा. ओट्यावरून, अगदी सावकाश.

"ती बरोबर बोलतीय."

सगळे वळले.

"मला न्हाई उमगत आता. हात धरत्यात, बोटं दाबत्यात, किती सांगत्यात काय कळत न्हाई. मी आपला दाबतो. लई भ्या वाटतं." त्यांनी अंगदकडं बोट केलं. त्याचं नाव त्यांना आठवलं की नाही, कुणास ठाऊक. "ह्याला सांगितलं हुतं मी. कवाच. ह्यो म्हनला, कुनापाशी बोलू नगा."

अंगदच्या हातातून दावं गळून पडलं. बापानं सांगितलं होतं, हे त्यानं नाकारलं नाही. आबांचं तोवर व्यापाऱ्याकडं लक्ष गेलं होतं. "पाव्हनं कुटलं? चा घेतला का?" त्यांनी विचारलं, आणि तो माणूस ओशाळून ओट्याच्या कडेला टेकला. त्यानं नोट घेतली, चहा घेतला, जाताना आबांच्या पाया पडून गेला. चांदी आपली आपण गोठ्यात परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगदनं स्वतःहून कागद मागितला. चहाच्या डागाशेजारी सही केली आणि कागद तिच्यापुढं सरकवला. सत्यशीलानं लगेच निवेदिताला फोन लावला.

"ताई, मागच्या आठवड्यात जागा भरल्या हो. मी तुमची एक धरून ठेवली होती, पण शेवटी दुसऱ्या घराला द्यावी लागली. पुढचा टप्पा निघाला की पहिलं नाव तुमचं घालते."

"कदी निगनार?"

"ते वर ठरतं."

सत्यशीलानं फोन पदरात धरून भिंतीकडं पाहिलं. इतके दिवस नवरा सही देत नव्हता, आता सही होती तर जागा नव्हती. तिला कुणावर तरी किंचाळायचं होतं, आणि समोर किंचाळण्याजोगी एकटी ती पोरगीच होती, जिचा काही दोष नव्हता. निवेदिताच म्हणाली, "पण गुरुवारी श्रीगोंद्याची बैठक आहे, तिला सही-बिही काही लागत नाही. तुम्ही या तरी."

"आन आबांपाशी कोन बसंल?"

हे तिनं फोनमध्ये विचारलं, पण ऐकलं अंगदनं. तो गमबूट घालत होता. एक पाय बुटात, एक बाहेर, असा थांबला. "मी बसतो की," तो म्हणाला. "दुपारचाच तर परश्न हाय. त्यात काय येवडं?"

त्यात काय एवढं! सत्यशीलानं दातांवर दात दाबले आणि गुरुवारी पोटभर जेवण झाकून ठेवून, कोरडी धोतरं खाटेवर काढून, काय काय होईल ते त्याला दोनदा समजावून एसटीनं श्रीगोंद्याला गेली. "जा गं, जा," अंगद म्हणाला होता, "मला काय त्यांची वळख न्हाई का?"

बैठकीला फार माणसं नव्हती. निवृत्त मास्तर होते, त्यांची बायको त्यांनाच घरात शिरलेला चोर समजायची. एक तरुण मुलगी आईला सांभाळणारी. सत्यशीलानं पाकिटाची आणि कणगीची गोष्ट सांगितली, तर मास्तर म्हणाले, "आमच्याकडं पिठाचा डबा," आणि सगळे हसले. आंघोळीला ओढू नका, आधी पायांवर पाणी घाला, असलं काहीबाही तिथं शिकवलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं. पण घरी येताना तिला सारखं वाटत राहिलं, की हे आठ-दहा जण एका खोलीत बसून एकमेकांना जे सांगताहेत, ते ज्यांनी ऐकायला हवं ते सगळे आपापल्या उसाला पाणी देताहेत.

घरी पोचली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती आणि अंगद ओट्यावर बसला होता. सदऱ्याची दोन बटणं तुटलेली, मनगटावर नखांचे ओरखडे, पाय ओले. अंगणभर वैरण पसरली होती. आतून आबा दार वाजवत होते आणि बाजाराची गाडी आली का, ते विचारत होते. अंगदनं तिच्याकडं पाहिलं. रडून झालेला माणूस बघतो तसं पाहिलं.

"मला म्हनले, तू कोन? पोलिसाला बोलवतो म्हनले," तो म्हणाला. "जेवले, आन लगीच रस्त्यावर जाऊन वरडाय लागले, जेवाया देत न्हाई म्हनून. माझ्या देखत! मी कायच केलं न्हाई गं. त्या गाडीचं तर शंभर बार विचारलं आसंल. मी लई समजावलं. शेवटाला मी... मी वरडलो त्यांच्यावर. कडी लावली." त्याचा आवाज बसला होता. "सत्यशीला, ह्ये रोज असंच असतंय?"

सत्यशीलानं पिशवी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि दाराची कडी काढायला हात वर केला.

"न्हाई," ती म्हणाली. "आज बरं हुते आबा."